बोलता आलं पाहिजे

कशेळीत पळायला जागा नाही, हे आधीच सांगून टाकते. ठाण्याचं बाळकुम मागे टाकून खाडीवरचा पूल उतरलं की भिवंडी तालुका लागतो आणि पुलाच्या तोंडाशीच आमचं गाव. मोठा रस्ता एकच, जुना आग्रा रोड. तो पुढे काल्हेर, पूर्णा, राहनाळ करत अंजूरफाट्याला जातो. या एका रस्त्यावर ट्रेलर, कंटेनर, एसटी, रिक्षा, दुचाक्या आणि गेली काही वर्षं ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं काम. बाकी जी मोकळी जमीन होती तिच्यावर एकतर आमच्यासारख्यांचे कॉम्प्लेक्स उभे राहिले नाहीतर गोडाऊनं. मुंबईतला माणूस मोबाइलवर बटण दाबून जे काही मागवतो त्यातलं बरंचसं आमच्या शेजारच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमधूनच निघतं. त्यामुळे आमच्याकडे माल पळतो. माणसं ट्रॅफिकमध्ये उभी असतात.

मी चव्वेचाळीस वर्षांची. परळच्या चाळीतली खोली सोडून इथे वन बीएचके घेतला त्याला बरीच वर्षं झाली. पूर्ण्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिलिंग बघते. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी ओटा. दिवाळीनंतर ऑफिसतर्फे तपासण्या झाल्या आणि माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ही तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी. ५.७ पासून ६.४ पर्यंतच्या आकड्याला डॉक्टर ‘काठावर’ म्हणतात. ‘चालत जा’ असं डॉक्टरांनी सांगितलं. ते सगळ्यांनाच सांगतात आणि सगळेच मान डोलावतात.

माझी भाची इंग्लंडात लीड्सला असते. तिला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, “मावशी, नुसतं चालू नकोस, पळ. मी शिकले, तू पण शिकशील.” आणि ‘काउच टू फाइव्ह के’ नावाचं प्रकरण तिने माझ्या फोनमध्ये बसवून दिलं. कोचावर बसलेल्या माणसाला उठवून पाच किलोमीटर पळवायचं, असा त्याचा हिशेब. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये तो तक्ता तयार केला. आपल्या पन्नाशीतल्या आईलाही पळता यावं असा तो त्याने बेतला होता, हे कळल्यावर माझा त्याच्यावर जरा विश्वास बसला. पुढे तोच तक्ता इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने उचलला. नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. कानात एक बाई बोलत राहते. आता पळा, आता चाला, अर्धं झालं, छान चाललंय.

पहिल्या आठवड्याचा धडा वाचला तर हसू येईल. पाच मिनिटं भराभर चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं, असं वीस मिनिटं. एक मिनिट! कुकरची शिट्टी व्हायलासुद्धा यापेक्षा जास्त वेळ लागतो. पण शाळा सुटल्यापासून जिने कधी बस पकडायलाही धाव घेतली नाही तिला ते एक मिनिट काय असतं ते तिसऱ्या फेरीला कळतं. छाती भरून येते, कानशिलं उडतात आणि फोनमधली बाई शांतपणे म्हणते, अजून तीस सेकंद.

आता यात दोन गोष्टी असतात आणि त्या वेगवेगळ्या काढून बघायला हव्यात. एक शरीराची. पळायला लागल्याबरोबर स्नायूंना प्राणवायू जास्त लागतो, पण हृदय आणि फुप्फुसं त्या मागणीपर्यंत पोचायला मिनिट-दोन मिनिटं घेतात. म्हणून सुरुवातीलाच जास्त धाप लागते. आधीची पाच मिनिटं चालायला लावतात ती एवढ्याचसाठी. ही धाप सगळ्यांना लागते, पट्टीच्या पळणाऱ्यालाही.

दुसरी गोष्ट लोकांची. बाईमाणूस रस्त्यावर पळायला लागलं की तिचा वेग तिची छाती ठरवत नाही, बघणारे ठरवतात. चहाच्या टपरीपुढून जाताना पाय आपोआप उचलले जातात. पुढे तीन ट्रेलर उभे असतात. एका चाकाशी ड्रायव्हर बाटलीच्या पाण्याने चूळ भरतोय, दुसरा केबिनमधून पाय बाहेर काढून झोपलाय, क्लीनर स्टोव्ह पेटवतोय. त्यांच्यासमोरून रमतगमत पळणं म्हणजे तमाशा वाटतो. पटकन निघून जावंसं वाटतं. म्हणजे होतं काय, की जिथे सावकाश जायला हवं तिथेच आपण जोर लावतो आणि पुढच्या वळणावर वाकून गुडघे धरतो. पुरुषांनाही हे होत असेल, पण ओढणीला गाठ मारून पळणाऱ्या बाईला जास्त होतं, हे मी पैजेवर सांगेन.

गावठाणातली एक म्हातारी रोज पायरीवर मिश्री लावत बसलेली असायची. तिने पहिल्या दिवशी विचारलं, “काय गो बाय, कोन लागलाय पाठी?” तिच्या आवाजात थट्टा नव्हती, खरीच काळजी होती. मी म्हटलं, “कोणी नाही मावशी, शुगर लागलीय.” तिने समजल्यासारखी मान हलवली. त्यानंतर मी दिसले की ती शेजारणीला सांगायची, “ती शुगरवाली आली.”

वेगाचं कोडं सोडवायला फोनमधल्या बाईचा एक नियम कामी आला. पळताना तुटक का होईना, पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. व्यायामाचे शिक्षक याला बोलण्याची चाचणी म्हणतात आणि ठोके मोजणाऱ्या घड्याळावर हजारो रुपये न घालवता हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज घ्यायची ही बऱ्यापैकी खात्रीची पद्धत आहे. पण एकटीने पळताना बोलायचं कोणाशी? मी पाढे म्हणायला लागले. सतराचा. दोनाचा काही उपयोग नाही, तो झोपेतही येतो. सतराला श्वासही लागतो आणि लक्षही. ‘सतरा सक एकशे दोन’ एका दमात म्हणता आलं तर ठीक, मध्येच तुटलं तर पावलं आखूड करायची. गाळ्यांच्या गल्लीतल्या वॉचमनने मला पहिल्यांदा पुटपुटत जाताना पाहिलं तेव्हा तो खुर्चीतून उठून उभाच राहिला होता.

आणि हा वेग इतका कमी निघाला की काय सांगू! भरभर चालणारा माणूस माझ्या बरोबरीने येऊ शकतो. एकदा दूधवाला सायकल हातात धरून चालत माझ्या शेजारून गेला. पण पाढा तुटला नाही. या मामल्यात सगळ्यात अवघड गोष्ट कोणती असं विचाराल तर मी दम किंवा गुडघे सांगणार नाही. लोकांदेखत सावकाश पळणं सांगेन.

गाळ्यांची गल्ली म्हणाले, ती जागा सापडायला वेळ लागला. आमच्याकडे गोडाऊनला गाळा म्हणतात आणि दहा-वीस गाळ्यांचं मिळून एक कंपाउंड होतं. समोरासमोर निळ्या पत्र्याच्या शेडच्या रांगा, मध्ये ट्रेलर वळेल इतका रुंद काँक्रीटचा रस्ता. आठवडाभर तिथे पाय ठेवायला जागा नसते. गाडी लागली की हमालांची ये-जा, फोर्कलिफ्टचा पीं-पीं आवाज, पुठ्ठ्यांचा ढीग. रविवारी पहाटे मात्र अख्खी गल्ली रिकामी. शटरं बंद, पत्र्यांवर दव, एका टोकाला वॉचमन आणि त्याचं शेगडीवरचं पातेलं, दुसऱ्या टोकाला कुत्री. कुत्र्यांचं म्हणाल तर ती पळणाऱ्याच्या मागे लागतात, चालणाऱ्याच्या नाही. ती दिसली की मी चालायला लागायचे, मग फोनमधली बाई काहीही म्हणो. इतर दोन दिवशी कॉम्प्लेक्सच्या आतल्या पेव्हर ब्लॉकवर फेऱ्या किंवा अगदी पहाटे मोठ्या रस्त्याच्या कडेने. रस्त्यावर गाड्या समोरून येतील अशा बाजूने पळायचं, हा धडा बाकी कुठल्याही तक्त्यापेक्षा महत्त्वाचा. पाठीमागून येणारा ट्रेलर दिसत नाही आणि त्याला आपण दिसलो की नाही हेही कळत नाही. त्या दिवशी एका कानातली पुंगळी काढून ठेवायची.

कपड्यांचं थोडक्यात. पंजाबी ड्रेसमध्ये दोन आठवडे निघाले, मग ट्रॅकपँट आणि नवऱ्याचा जुना टीशर्ट. बुटांबद्दल सगळे सल्ला देतात, स्पोर्ट्स ब्राबद्दल कोणी बोलत नाही. बायकांनी आधी तिच्यावर पैसे घालावेत, बूट दुसऱ्या नंबरवर.

भाचीच्या लीड्समध्ये बाग आहे, बागेत पायवाट आहे, सकाळी आठ अंश तापमान आहे. तक्ता तिकडच्या हवेत शिजलेला. आमच्याकडे खाडीवरून येणारी हवा दमट. अशा हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यामुळे तीच तीन मिनिटं मार्चमध्ये डिसेंबरपेक्षा जड जातात. वरून रस्त्याची धूळ. मेट्रोच्या कामाची, खड्ड्यात टाकलेल्या खडीची, ट्रेलरने उडवलेली. साडेपाचच्या आत निघालं तर ती जरा खाली बसलेली असते. म्हणून मी तक्ता पाळला, पण त्याचं कॅलेंडर पाळलं नाही. जो आठवडा जड गेला तो पुन्हा केला. नऊ आठवड्यांचा तक्ता मला होळीपर्यंत पुरला.

तिसऱ्या आठवड्यात तीन मिनिटं सलग येतात, चौथ्यात पाच. इथे माझ्या नडगीत ठणका सुरू झाला. हे बऱ्याच नवशिक्यांना होतं आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात. हाडं, स्नायूबंध आणि सांधे यांना महिने लागतात. म्हणजे दम वाढतो, पण पाय अजून त्याला तयार नसतात. आपल्याला वाटतं की आज जमतंय तर जास्त पळू या आणि तिथेच पाय फसतो. मधल्या सुट्टीचा दिवस आळशांसाठी ठेवलेला नाही. हाडाची डागडुजी त्याच दिवशी होते. माझ्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी हाच तक्ता रोज करून लवकर संपवायचं ठरवलं होतं. सध्या ते गुडघ्याला पट्टा बांधून येतात आणि पळणं कसं वाईट हे सगळ्यांना सांगतात.

मग येतो पाचवा आठवडा. पहिल्या दिवशी पाच-पाच मिनिटांचे तीन तुकडे. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटांचे दोन. आणि तिसऱ्या दिवशी, मध्ये चालणं नाही, सलग वीस मिनिटं. आठावरून एकदम वीस! हे वाचून मी लीड्सला फोन केला. भाची म्हणाली, “सगळे याच दिवसाला घाबरतात. तू आधीपेक्षा हळू जा, बस.” तो दिवस रविवार येईल असं मी मुद्दाम केलं. गाळ्यांच्या गल्लीत, वॉचमनपासून कुत्र्यांपर्यंत आणि परत. सहाव्या-सातव्या मिनिटाला रोजच्यासारखीच धाप होती आणि मला वाटलं, संपलं. पण नवव्या-दहाव्याला काहीतरी बदललं. श्वास एका लयीत बसला, चार पावलांना आत, चार पावलांना बाहेर. मी सतराचा संपवून एकोणीस काढला. पंधराव्या मिनिटाला मला पुढच्या महिन्याच्या जीएसटीची आठवण झाली. त्या क्षणी कळलं की हे जमलंय. जीव घाबरा झालेल्या माणसाला जीएसटी आठवत नाही.

तक्ता बनवणाऱ्याची हुशारी मला इथे दिसते. चार आठवडे तो आपल्याला दमायच्या आत थांबवतो. ‘आता चाला’ असं ऐकू येतं तेव्हा बहुतेक वेळा अजून थोडं पळता आलं असतं. आपल्याकडे व्यायाम म्हणजे उलटी होईस्तोवर, असा समज आहे. शाळेत पीटीच्या सरांनी तोच करून दिला आणि म्हणूनच निम्म्या मुली ‘पोटात दुखतंय’ म्हणून बाकावर बसायच्या. मीही त्यातलीच.

हे सगळं मी एकटीने शिकले असंही नाही. पहाटे त्या रस्त्यावर माझ्याआधी आलेली मंडळी म्हणजे भरतीची पोरं. कशेळी-काल्हेरपासून आत खाडीकाठच्या गावांपर्यंत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली अंधारात पळत असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय दोघांनाही शंभर मीटर आणि गोळाफेक. या मैदानी चाचणीला ते ‘ग्राउंड’ म्हणतात आणि ते ५० मार्कांचं. त्यांचं पळणं माझ्या पळण्याच्या नेमकं विरुद्ध. त्यांना सेकंद मोजायचे असतात. एकजण शिट्टी आणि मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन उभा, बाकीचे जीव तोडून. सोळाशे मारून झाली की रस्त्याकडेला आडवे.

त्यातल्या एकाने मला विचारलं होतं, “काकी, तुम्ही सोळाशेची तयारी करताय का?” सगळे खिदळले. पण त्याच मुलाने पुढे मला पळणं दाखवलं. “पाय आपटू नका. पाऊल लांब टाकू नका, खाली टाका, कमरेच्या खाली.” लांब टांग टाकली की टाच शरीराच्या पुढे पडते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो, तो धक्का नडगीला. आखूड पावलं टाकली आणि माझ्या नडगीचा ठणका खरंच कमी झाला. त्याचा दुसरा सल्ला होता, तोंड बंद ठेवून नाकानेच श्वास घ्या. तो मी सोडून दिला. सावकाश पळतानाही नाकातोंडाने मिळून श्वास घेतला तर काही बिघडत नाही आणि नुसत्या नाकाने माझा सतराचा पाढा सतराच्या पुढेच जाईना.

त्यांच्यात एक मुलगी आहे, बारावी होऊन दोन वर्षं झालेली. तिच्या मोबाइलच्या कव्हरमागे ललिता बाबरचा फोटो. साताऱ्यातल्या मोहीची ललिता २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या स्टीपलचेसमध्ये अंतिम फेरीत पोचली, दहावी आली. पुढे राज्य सरकारच्या सेवेत उपजिल्हाधिकारी झाली. या मुलीला त्यातलं पदक न मिळाल्याचं दुःख नाही. तिला नोकरी दिसते. भरतीच्या पोरांशी बोललं की हे ध्यानात येतं. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ कविता राऊत असो की बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे, आपल्याकडचं मोठं पळणं वाडी-वस्तीतून आणि गरजेतून आलंय. साबळे तर सैन्यात गेल्यानंतर, २०१५ पासून स्पर्धेत उतरला. तिने हे मला सांगितलं ते धीर देण्यासाठी. “बघा काकी, साबळे सरांनी पण उशिराच चालू केलं.” विशीतला जवान आणि चव्वेचाळीसची बिलिंगवाली यांच्यात तिला काही फरक दिसला नाही, याचं मला बरं वाटलं.

नवव्या आठवड्याचा शेवट म्हणजे सलग तीस मिनिटं. ती झाली. पण तीस मिनिटांत पाच किलोमीटर होतात हे त्यांच्या हिशेबात. माझे साडेतीनच्या आसपास होतात. तक्ता पुरा करणाऱ्या अनेकांचं असंच होतं, भाचीचंही तसंच झालं होतं. ती पुढे पाचावर पोचली, तेही वेग न वाढवता, वेळ वाढवून. मीही तेच करतेय. मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन सहाएक किलोमीटरची असते. त्यात नाचत-गात जाणारेच जास्त, असं नवरा म्हणतो. त्याला वाटतं की ते माझ्या वेगाला शोभेल.

उन्हाळ्यानंतरची तपासणी ५.८ आली. श्रेय एकट्या पळण्याचं नाही. रात्रीचा भात गेला, चहातली साखर गेली, पावणेअकराला झोप येऊ लागली. पण पहाटे उठायचं म्हणून रात्रीचं जेवण लवकर झालं आणि बाकीचं त्याच्या मागून आलं.

पावसाळ्यात मोठ्या रस्त्यावर पळायचं नाही, हे नक्की केलंय. खड्डा पाण्याखाली असतो आणि किती खोल ते उतरल्यावरच कळतं. भरतीची पोरं मात्र पावसातही पळतात. ऑगस्टमध्ये ठाण्याची वर्षा मॅरेथॉन असते, तिच्यात बक्षिसाची रक्कम असते आणि पावसात पळायची सवयही लागते.

आमच्या मजल्यावरची शेजारीण परवा म्हणाली, “मला पण ने ना गं.” तिचं बीपी वाढलंय. तेव्हापासून वाद वेळेचा आहे. पाणी येतं सव्वापाचला, अर्धा तास. तेवढ्यात पिंप, बादल्या, कळशी सगळं भरावं लागतं, त्यामुळे ती पावणेसहाच्या आधी निघू शकत नाही. तोवर मोठ्या रस्त्यावर ट्रेलरची रांग लागलेली असते. शेवटी रविवारी गाळ्यांची गल्ली आणि इतर दोन दिवस कॉम्प्लेक्सच्या आत, असं ठरलं. तक्ता पहिल्या आठवड्यापासून. एक मिनिट पळायचं, दीड मिनिट चालायचं. पहिल्याच मिनिटाला तिने गच्चीतून कोण बघतंय ते पाहिलं आणि सुसाट सुटली. मी मागून ओरडले, “सतराचा पाढा म्हण!” ती धापा टाकत थांबली आणि म्हणाली, “सतराचा येत नाही गं. बाराचा चालेल का?”

चालेल म्हटलं.